प्रयोगाचे हक्क कोणाचे?

मराठी नाटकाच्या छापील पुस्तकाचे पहिले पान उलटले की त्याच्या पाठीमागे बारीक टाइपात एक सूचना आढळते. या नाटकाचा प्रयोग, भाषांतर, नभोवाणीवरील सादरीकरण, चित्रपट इत्यादींचे सर्व हक्क अमुक व्यक्तीच्या स्वाधीन असून प्रयोगापूर्वी लेखी परवानगी घेणे व ठरलेले मानधन पाठविणे आवश्यक आहे, असा तिचा आशय असतो. पात्रांची यादी त्याच्या पुढच्या पानावर असते, आणि नाटक बसवू पाहणाऱ्या मंडळींची नजर थेट त्या यादीकडे जाते. पुरुष पात्रे किती, स्त्री पात्रे किती, अंक किती, एवढे पाहिले की वाचन सुरू होते. ती बारीक सूचना वाचावयाची राहून जाते.

हिरण्यकेशीच्या काठी वसलेले संकेश्वर घ्या, की निपाणी, हुक्केरी वा पलीकडचे गडहिंग्लज घ्या. या टापूत जत्रेच्या किंवा गणेशोत्सवाच्या निमित्ताने हौशी मंडळींनी नाटक बसविण्याची चाल जुनी आहे. दिवसभर दुकानात, शेतात किंवा कारखान्यात राबलेली माणसे रात्री तालमीला जमतात. अशा मंडळाला आज एक नवी हौस उत्पन्न झाली आहे. प्रयोग तर करावयाचाच, पण तो चित्रित करून, त्यात एखादे जुने नाट्यगीत घालून, भ्रमणध्वनीच्या द्वारे जगभर पाठवावयाचा. त्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या क्षणी मांडवातील प्रयोग यंत्रात शिरतो, त्या क्षणी ती न वाचलेली सूचना एकदम महत्त्वाची ठरते. ती कोठून आली, तिने कोणाचे रक्षण केले, आणि तिच्या अगोदर काय होते, हे आज सांगावयाचे आहे. श्रोतेहो, ही हकीगत पुण्यामुंबईची वाटली, तरी तिचा बराचसा भाग आपल्या या मराठी-कानडी सरहद्दीवरच घडला आहे.

प्रारंभ सांगलीपासून करावा लागेल. १८४२ साली उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावची एक भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढे आपले खेळ केले. ते खेळ यक्षगानाच्या जातीचे होते. महाराजांना तो प्रकार आवडला, परंतु त्यातील ओबडधोबडपणा रुचला नाही. असेच काही मराठीत, अधिक नेटकेपणाने करावे, अशी आज्ञा त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना केली, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, ती घटना एका कानडी खेळाच्या पाहण्यातून घडली. कर्कीच्या त्या मंडळींना त्याबद्दल काही देणे लागते, असा विचार त्या काळी कोणाच्या मनात येणेही शक्य नव्हते. मी तर म्हणेन, आजच्या कायद्यानेही ते देणे लागले नसते. कारण भाव्यांनी घेतली ती एक पद्धत होती, एखाद्याची रचना नव्हे. या फरकाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

खरा जाच पुढे झाला, आणि तो भाव्यांनाच झाला. १८५१ साली चिंतामणराव वारले, संस्थानचा आश्रय संपला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन मुलूखगिरीस निघावे लागले. १८५३ साली मुंबईस त्यांचे खेळ झाले व गाजले. पण गाजलेल्या वस्तूच्या प्रती निघतात. आळतेकर, इचलकरंजीकर अशा नाटकमंडळ्या एकामागून एक उभ्या राहिल्या व त्याच धर्तीचे खेळ गावोगाव करू लागल्या. भाव्यांच्या खेळात लिहिलेले संवाद जवळजवळ नसत. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने उत्स्फूर्त बोलत. पदे एकदा कानी पडली की पाठ होत. छापलेले असे काहीच नव्हते. भाव्यांनी आपली पदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने छापून काढली ती १८८५ साली, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर बेचाळीस वर्षांनी. तोवर त्यांची कमाई दुसऱ्यांच्या मुखी जाऊन बसली होती.

मग कायदा काय करीत होता? हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ साली कॉपीराइटचा पहिला कायदा केला होता. इंग्लंडात राणी ॲनच्या कारकीर्दीत १७१० साली अशा कायद्याचा पाया पडला. त्याची ही दूरची नात म्हणावी. लेखकाच्या हयातीत व त्यापुढे सात वर्षे, अथवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत मोठी तेवढी मालकी या कायद्याने लेखकाला दिली. पण त्याच्या डोळ्यासमोर होते ते छापील पुस्तक. सूत्रधाराच्या गळ्यात राहणाऱ्या पदांना त्यात जागा नव्हती. शिवाय हा कायदा कंपनीच्या मुलुखाचा. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर ही संस्थाने. तेथे तो आपोआप चालत नसे. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. काही मैलांवरचे गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात. एकाच बैलगाडीच्या दिवसभराच्या वाटेवर दोन राज्ये आणि दोन कायदे, अशी स्थिती १ मार्च १८४९ रोजी नव्हे, तर पुरती एक शतक पुढे, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत होती.

भाव्यांच्या पाठोपाठ निघालेल्या मराठी मंडळ्या धारवाड, हुबळी, गदगपर्यंत जाऊ लागल्या आणि तेथील कानडी प्रेक्षक मराठी खेळांना गर्दी करू लागला. हे पाहून गदगच्या शांतकवींना, म्हणजे सक्करी बाळाचार्यांना, चुटपुट लागली व त्यांनी १८७० नंतरच्या दशकात कानडी नाटके लिहून मंडळी उभी केली. म्हणजे कर्कीहून सांगलीला गेलेले बीज तीस-पस्तीस वर्षांनी मराठी वेषात गदगला परत आले. आणि तेवढ्याने हे येणेजाणे थांबले नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचा जन्म १८४३ चा, म्हणजे 'सीतास्वयंवरा'च्याच वर्षाचा. त्यांच्या कानावर लहानपणापासून कानडी पदे, कीर्तनातील साक्या-दिंड्या आणि लावण्या सारख्याच पडत आल्या होत्या. १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' यांतून त्यांनी मराठी संगीत नाटक उभे केले, तेव्हा चालींच्या त्या साऱ्या ठेव्यातून, कानडी चालींतूनही, त्यांनी मोकळ्या हाताने घेतले. पुढे उत्तर कर्नाटकातील कानडी नाटक कंपन्यांनी मराठी नाट्यसंगीताचे ऋण तितक्याच मोकळेपणाने काढले.

याला चौर्य म्हणावे काय? काही विद्वान या प्रश्नावर हिरिरीने भांडतात, मराठीने कानडीचे घेतले की कानडीने मराठीचे. सरहद्दीवर राहणाऱ्याला त्या भांडणाचे हसू येते. विहिरीवर दोन्ही भाषांच्या बायका पाणी भरतात, तेथे घागर कोणाची एवढेच विचारावयाचे असते. पाणी कोणाचे, हे विचारावयाचे नसते. कायद्यानेही अखेर हाच विवेक पत्करला. कालिदासाची शकुंतला आणि महाभारतातील सुभद्रा कोणाच्याच मालकीच्या नाहीत. भूप किंवा भीमपलास कोणाचा नाही. परंतु सुभद्राहरणाच्या त्या कथेवर अण्णासाहेबांनी जी पदे बांधली, जे प्रवेश रचले, ते त्यांचे. आज अण्णासाहेबांना जाऊन शतकाहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे, तेव्हा 'सौभद्र' कोणीही करावे. त्या बारीक सूचनेचे कारण उरलेले नाही.

भाषांतराची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि दोन भाषांच्या सीमेवर तिला महत्त्व अधिक आहे. १८४७ च्या कायद्यात भाषांतराचा उल्लेखच नव्हता. १८९५ साली एका विलायती प्रकाशकाने आपल्या इंग्रजी शालेय पुस्तकांच्या उर्दू भाषांतरांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. या देशातील कायदा मूळ लेखकाला भाषांतराचा एकाधिकार देत नाही, असे न्यायालयाने ठरविले. कागदावर पाहिले तर हा लेखकावर अन्याय. पण देशी भाषांच्या दृष्टीने पाहिले तर ही एक उघडी खिडकी होती. या भाषा तेव्हा गद्य लिहावयास शिकत होत्या आणि परस्परांच्या पुस्तकांवर वाढत होत्या. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या कानडी वाचकांना मिळाल्या त्या गळगनाथांमुळे. त्या आवृत्त्यांनी कानडी कादंबरीचा वाचक तयार केला, असे कानडीचे अभ्यासक सांगतात.

१९११ साली विलायतेत साऱ्या साम्राज्यासाठी नवा कायदा झाला व १९१४ साली तो काही फेरफारांसह हिंदुस्थानात लागू झाला. मुदत वाढली : हयात आणि त्यापुढे पन्नास वर्षे. ग्रामोफोनच्या तबकडीलाही या कायद्याने प्रथम ओळख दिली. परंतु भाषांतराच्या बाबतीत हिंदुस्थानासाठी एक वेगळी तजवीज ठेवली. येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार दहा वर्षेच राहील. त्या अवधीत लेखकाने ज्या भाषेत स्वतः भाषांतर प्रसिद्ध केले असेल, तेवढ्या भाषेपुरता तो पुढे चालू राहील. मला ही तजवीज शहाणपणाची वाटते. लेखकाला दहा वर्षांची संधी द्यावी, आणि त्याने ती घेतली नाही तर शेजारच्या भाषेला दार उघडावे. स्वतंत्र भारताने १९५७ साली केलेल्या व २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आलेल्या कायद्यात ही सवलत या रूपात राहिली नाही. आता भाषांतराचा हक्क मूळ हक्काइतकाच दीर्घ आहे. सात वर्षांनंतरही भाषांतर न झाल्यास रीतसर अर्ज करून, मोबदला देऊन परवाना मागता येतो, एवढाच मार्ग उरला.

याचा व्यवहारातील अर्थ काय? संकेश्वरच्या मंडळाने गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' मराठीत करावयाचे ठरविले, तर विजय तेंडुलकरांचे भाषांतर हाताशी आहे. येथे दोन दरवाजे ठोठवावे लागतात. मूळ कानडी नाटक कार्नाडांचे. ते २०१९ साली वारले, म्हणून त्यांचा हक्क २०७९ अखेरपर्यंत. भाषांतर तेंडुलकरांचे; ते २००८ साली वारले, म्हणून त्यांचा हक्क २०६८ अखेरपर्यंत. भाषांतरकाराला भाड्याचा गडी समजण्याची आपली सवय आहे. कायदा तसे समजत नाही.

या तारखा मोजताना पन्नासऐवजी साठ वर्षे धरली आहेत, त्याचेही कारण सांगितले पाहिजे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. त्यांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि कायदा दुरुस्त करून मुदत दहा वर्षांनी वाढविण्यात आली. वाढविली ती एका बंगाली कवीसाठी, पण लाभ झाला तो साऱ्या भाषांतील लेखकांच्या वारसांना. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या 'श्यामची आई'वरील हक्क २००० ऐवजी २०१० अखेरपर्यंत राहिला. त्याच पुस्तकावरील अत्र्यांचा चित्रपट १९५३ सालचा. चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून मोजतात, म्हणून तो २०१३ अखेर मोकळा झाला. पण म्हणून त्यातील गाण्यांचे संगीत कोणीही उचलावे, असे नव्हे. संगीतकार वसंत देसाई १९७५ साली वारले, आणि संगीतरचनेची मुदत रचनाकाराच्या मृत्यूपासून धावते. एकाच वस्तूत अनेकांचे हात असतात, आणि प्रत्येक हाताचे घड्याळ निराळे चालते.

हे घड्याळाचे गणित 'एकच प्याला'इतके दुसऱ्या कशाने स्पष्ट होणार नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. नाटक पुरे झाले होते, पण त्यातील पदे रचावयाची राहिली होती. ती त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. चाली दिल्या सुंदराबाई जाधवांनी, आणि गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडविले. प्रेक्षकाला हे सारे एकच वाटते. त्याच्या डोळ्यासमोर असते फाटक्या लुगड्यातील सिंधू आणि कानात असतो एक आवाज. कायद्याला मात्र यात चार माणसे वेगवेगळी दिसतात.

गडकऱ्यांचे संवाद १९६९ अखेर मुक्त झाले. गुर्जर १९६२ पर्यंत जगले. त्यांच्या पदांची मुदत २०२२ अखेर संपली. म्हणजे मधली त्रेपन्न वर्षे अशी गेली, की तळीरामाची मुक्ताफळे कोणीही उधळावी, पण सिंधूने गावयाचे म्हटले की पदांची चौकशी करणे प्राप्त होते. कित्येक मंडळांनी या त्रेपन्न वर्षांत 'गडकऱ्यांचे नाटक आता सर्वांचे झाले' असे मानून प्रयोग केले असतील, आणि गुर्जर हे नावही त्यांना ठाऊक नसेल. पदांच्या कर्त्याचे नाव पुसले जाणे हा पैशाच्या नुकसानीहून मला मोठा तोटा वाटतो.

आणि सुंदराबाई? त्यांच्या बाबतीत कायद्याचा इतिहास अधिकच उदासीन आहे. १९५७ च्या कायद्याने संगीतरचनेची व्याख्या केली ती अशी, की ती छापलेली, लिहून काढलेली किंवा अन्य प्रकारे चिन्हांकित केलेली असली पाहिजे. विलायतेत संगीत कागदावर जन्मते. तेथील व्याख्या येथे जशीच्या तशी आली. आपल्याकडे चाल गळ्यात जन्मते आणि गळ्यातून गळ्यात जाते. गुरूने शिष्याला समोर बसवून दिलेली बंदिश, तमाशातील फडावर बसलेली लावणीची चाल, नाटक कंपनीत पेटीवर बसविलेले पद, यांपैकी काहीही लिहिलेले नसले तर कायद्याच्या लेखी ती संगीतरचनाच नव्हे. ही विसंगती १९९४ च्या दुरुस्तीने गेली. लिहिण्याची अट निघाली, आणि त्याच दुरुस्तीने गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंताला, म्हणजे प्रत्यक्ष सादर करणाऱ्याला, प्रथमच स्वतःचा असा हक्क मिळाला. स्वतंत्र भारताच्या कायद्याला चालीचा मालक दिसावयास छत्तीस वर्षे लागली.

मग निव्वळ कल्पनेचे काय? एखाद्याने आपले कथानक दुसऱ्याला सांगितले आणि त्याने त्यावर चित्रपट काढला, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. या बाबतीत जो खटला आजही प्रमाण मानला जातो, तो योगायोगाने प्रांताभिमानाविषयीचा आहे. आर. जी. आनंद यांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५४ साली दिल्लीस गाजले. एक पंजाबी घर, एक मद्रासी घर, त्यांतील मुलामुलीचे प्रेम, आणि भाषेच्या अभिमानाने आंधळे झालेले आईबाप, असे त्याचे स्वरूप. मोहन सहगल यांनी ते नाटक लेखकाकडून ऐकले. १९५६ साली त्यांचा 'नई दिल्ली' हा चित्रपट आला, आणि त्यातही पंजाबी मुलगा व मद्रासी मुलगी होती. आनंद न्यायालयात गेले. खालच्या कोर्टात हरले, उच्च न्यायालयात हरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. न्यायालयाने सांगितले, की कल्पना, विषय, कथाबीज, ऐतिहासिक वा पौराणिक घटना यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती त्या कल्पनेच्या मांडणीवर, तिला दिलेल्या रूपावर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, असे निःसंशय वाटले पाहिजे. चित्रपटात प्रांताभिमानाखेरीज हुंड्याचा प्रश्नही होता आणि प्रसंगांची जुळणी वेगळी होती. म्हणून ती नक्कल ठरली नाही.

त्या लेखकाविषयी मला सहानुभूती वाटते. आपण ज्याला विश्वासाने नाटक वाचून दाखविले, त्याच्या चित्रपटात आपल्या कल्पनेची सावली दिसणे, हे दुःख कायद्याच्या मापात बसत नाही. पण निर्णय उलट लागला असता तर काय झाले असते, याचाही विचार करावा. मराठी मुलगा आणि कानडी मुलगी यांच्या प्रेमाची गोष्ट संकेश्वरात, बेळगावात, निपाणीत दर पिढीला नव्याने घडते. ती एकदा कोणी लिहिली म्हणून दुसऱ्या कोणी लिहू नये, असा कायदा या मुलुखात एक दिवसही चालला नसता. ज्याला आपले काम सांभाळावयाचे आहे, त्याने गोष्ट तोंडी सांगण्याऐवजी ती पुरती लिहून काढावी, तारीख घालून ठेवावी. या देशात नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा लागतोच.

लेखकाचे खरे नुकसान चोरीने फार थोडे झाले. अधिक झाले ते त्याने स्वतः सही केलेल्या कागदाने. ठोक रक्कम हाती पडते, घरात नड असते, आणि 'सर्व हक्क कायमचे' या तीन शब्दांवर सही होते. चित्रपटाच्या धंद्यात तर १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हीच रीत पक्की केली. चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता ठरला. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक पुरवणी जोडून गायकाच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले होते. प्रत्यक्ष दुरुस्ती व्हावयास २०१२ साल उजाडले. आता चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला व संगीतकाराला, चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याचा जो उपयोग होईल त्याच्या मानधनातील समान वाटा मागता येतो, आणि तो वाटा त्याला वारसाखेरीज किंवा आपल्या हक्कसंस्थेखेरीज इतर कोणास देऊनही टाकता येत नाही. नडीच्या वेळी सही करणाऱ्या माणसाचे त्याच्यापासूनच रक्षण करण्याचा हा प्रकार आहे. करार लेखी असला पाहिजे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. आणि करार करताना जे साधन अस्तित्वातच नव्हते, त्यापुरता तो मुळी चालत नाही, तेवढे साधन स्पष्ट लिहिलेले असल्याखेरीज.

आता हौशी मंडळाकडे वळू. कायदा त्याच्यावर रुष्ट नाही. उलट त्याच्यासाठी एक दार मुद्दाम ठेवलेले आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा एखाद्या धर्मसंस्थेच्या साहाय्यार्थ केलेला नाटकाचा वा गाण्याचा प्रयोग हा हक्कभंग होत नाही. शाळेतील मुलांनी शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेला प्रयोगही होत नाही. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यालाही कायद्याने सूट दिली आहे. म्हणजे जत्रेत फुकट केलेले नाटक, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी केलेले नाटक, यांना कायद्याची आडकाठी नाही. मानधन पाठवून लेखकाचा आशीर्वाद घ्यावा हे चांगलेच, पण ती सौजन्याची बाब झाली.

ही सूट प्रयोगाला आहे, चित्रणाला नाही, हे मात्र पक्के ध्यानात धरावे. मांडवातील प्रयोग रात्री संपतो. चित्रफीत संपत नाही. ती काढणे म्हणजे नाटकाची प्रत काढणे, आणि ती लोकांत पाठविणे म्हणजे प्रकाशन. त्यासाठी नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी हवी. तिच्यामागे जुन्या तबकडीवरील गाणे जोडावयाचे असेल तर शब्दांचा मालक, चालीचा मालक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक अशा तिघांची चौकशी करावी लागते. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षे असते. एखादे पद आपल्याच पेटीवाल्याने व आपल्याच गाणाऱ्याने म्हटले, तर त्यांतील तिसरा मालक तरी गळतो.

या सवलतीचा कस एका खटल्यात लागला, आणि तो खटला आपल्याला पुन्हा यक्षगानाकडे नेतो. कोटा शिवराम कारंतांनी यक्षगानाला नृत्यनाट्याचे एक नवे रूप दिले. उडुपी येथील यक्षगान केंद्रात त्यांनी ते घडविले, मंडळी शिकविली. ते डिसेंबर १९९७ मध्ये वारले. मृत्युपत्राने त्यांचे हक्क ज्या व्यक्तीकडे गेले, तिच्या परवानगीवाचून केंद्र चालविणाऱ्या संस्थेने २००१ साली दिल्लीस एक प्रयोग केला, आणि वाद न्यायालयात गेला. संस्था म्हणे, आमच्याच येथे हे घडले. वारस म्हणे, घडविणारा हात कारंतांचा. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. यक्षगान हे परंपरेचे, त्यावर कोणाची मालकी नाही. पण कारंतांनी दिलेले विशिष्ट रूप ही नाट्यकृती आहे. मृत्युपत्रात साहित्याचा उल्लेख स्वतंत्र होता, नाट्यकृतीचा नव्हता. तरी उरलेल्या सर्व मालमत्तेविषयीच्या कलमाने ती वारसाकडे गेली. मनाई कायम राहिली. मात्र न्यायालयाने तिला एक पुस्ती जोडली : शिक्षणाच्या अंगाने, किंवा हौशी मंडळ म्हणून विनामूल्य प्रेक्षकांपुढे, कायद्याने दिलेल्या सवलतींच्या आत राहून हा प्रयोग करावयाचा असेल तर तो करण्यास संस्था मोकळी आहे.

१८४२ साली कर्कीहून सांगलीस निघालेल्या त्या मंडळींना यातले काहीच ठाऊक नव्हते. संकेश्वरच्या मंडळाने यंदा नाटक निवडले असेल तर पात्रांच्या यादीकडे वळण्यापूर्वी पाठीमागचे ते पान वाचावे, लेखक हयात आहे की केव्हा वारला हे पाहावे, पदे निराळ्या माणसाची आहेत काय ते विचारावे, आणि चित्रण करावयाचे असल्यास तसे स्पष्ट लिहून एक पत्र टाकावे. पत्र मराठीत लिहावे की कानडीत, हे उत्तर देणाऱ्याच्या सोयीवर ठरवावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले आणि गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिले. पण स्वामित्वहक्काचा कायदा साऱ्या देशाचा असल्यामुळे पत्राचा मजकूर दोन्हीकडून सारखाच जाईल.